मिरजेची सतारमेकर गल्ली

गाण्याच्या बैठकीस आरंभ होण्यापूर्वी निवेदक उभा राहतो आणि कलावंतांची नावे सांगतो. गायक कोण, तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण हे तर सांगतोच. पण मागे तंबोऱ्यावर बसलेल्या दोन विद्यार्थ्यांची नावे सांगण्याचाही अलीकडे प्रघात पडला आहे, आणि तो चांगला आहे. परंतु ज्या तंबोऱ्यांच्या झंकारावर ती सारी मैफल उभी राहावयाची असते, ते तंबोरे कोणी घडविले हे निवेदक सांगत नाही आणि श्रोत्यांपैकीही कोणी विचारीत नाही. बेळगाव, निपाणी, धारवाड, हुबळी, कोल्हापूर या टापूतील एखाद्या गायनशाळेत किंवा जुन्या घरात जाऊन खुंटीला टांगलेला तंबोरा उतरवावा, त्यावरची धूळ पुसावी आणि हा आला कोठून, असे घरच्या मंडळींना विचारावे. दहांपैकी आठ ठिकाणी तरी एकच उत्तर मिळते : मिरजेहून.

सीमाभागातील आपणा मराठी माणसांना मिरज परकी नाही. बेळगावहून आगगाडीत बसावे. घटप्रभा, रायबाग, कुडची, उगार, शेडबाळ अशी स्टेशने मागे टाकीत, कृष्णा ओलांडून सुमारे १४० किलोमीटरचा प्रवास संपला की मिरज जंक्शन येते. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली सुरू केलेल्या मिशन इस्पितळामुळे दुखणाइताला मिरजेस न्यावयाचे, ही आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळापासूनची वहिवाट. माणसांप्रमाणेच वाद्येही त्याच गाडीने उपचारासाठी मिरजेस जात आली आहेत. स्टेशनापासून गावात शिरून कोणालाही विचारले तर तो सतारमेकर गल्लीची वाट दाखवील. 'सतारमेकर' हा शब्दही पाहण्यासारखा आहे. अर्धा देशी, अर्धा इंग्रजी. पण तेथे तो गल्लीचेच नव्हे, तर कित्येक घराण्यांचे आडनाव होऊन बसला आहे.

या घराण्यांचे मूळ आडनाव शिकलगार. 'शिकल करणे' म्हणजे शस्त्राला धार लावून लखलखीत करणे. तलवारी, कट्यारी, भाले यांची निगा राखणे हा शिकलगारांचा पिढीजात उद्योग. मिरज हे पटवर्धनांचे संस्थान, पेशवाईच्या काळातील लष्करी महत्त्वाचे ठाणे; तेव्हा या कारागिरांना तेथे कामाची वाण नव्हती. १८१८ नंतर चित्र बदलले. इंग्रजी अंमल स्थिर झाला, संस्थानिकांच्या फौजा नावापुरत्या उरल्या आणि तलवार म्यानात पडली ती पडलीच. राजसत्ता बदलली म्हणजे इतिहासकार लढायांची आणि तहांची नोंद करतात. पण धार लावणाऱ्याच्या घरची चूल कशी पेटत राहिली, हे लिहून ठेवण्याचे कोणास सुचत नाही.

मिरजेत ती चूल पेटती राहिली ती गाण्यामुळे. परंपरेने असे सांगितले जाते की, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांचे बंधू मोईनुद्दीन यांच्याकडे गायक-वादक मंडळी आपली नादुरुस्त वाद्ये घेऊन येऊ लागली. त्या काळी तंबोरा किंवा सतार उत्तरेकडून यावयाची. ती बिघडली, तर दुरुस्तीस इतक्या दूर पाठविणे म्हणजे वाद्यावर पाणी सोडण्यासारखेच. गावात बारीक हाताचे कारागीर कोण, तर शिकलगार! फरीदसाहेबांनी वाद्ये उघडून पाहिली, दुरुस्त केली, आणि दुरुस्त करता करता ती कशी बनतात हे हाताला कळले. पुढे त्यांनी स्वतःच्या हाताने नवी वाद्ये घडविली. पटवर्धन संस्थानिकांनी त्यांना आश्रय दिला. धातूवर चालणारा हात लाकडावर आणि भोपळ्यावर चालू लागला, आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले.

केवळ राजाश्रयावर कोणताही धंदा दीडशे वर्षे तगत नाही. त्याला जाणते गिऱ्हाईक लागते, आणि कुरकुर करणारे गिऱ्हाईक लागते. मिरजेचे भाग्य असे की, तसे गिऱ्हाईक तिला भरपूर लाभले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस राहून विद्यादान करीत होते. त्यांच्यापाशी, दृष्टी अधू झालेला कुरुंदवाडचा एक मुलगा गाणे शिकला. हेच पुढे विष्णु दिगंबर पलुसकर म्हणून देशभर प्रसिद्धीस आले आणि १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन करून त्यांनी गाणे सामान्य गृहस्थाच्या घरापर्यंत नेले. विनायकराव पटवर्धन आणि प्रा. बी. आर. देवधर हे त्यांचे दोन मोठे शिष्य जन्माने मिरजेचेच. नारायणराव राजहंस या कोवळ्या मुलाने 'बालगंधर्व' म्हणून किर्लोस्कर मंडळीत शकुंतलेची भूमिका प्रथम केली तीही १९०५ साली, मिरजेतच.

आणि या सर्वांहून सतारमेकर गल्लीशी ज्यांचे नाते अधिक जवळचे ते खाँसाहेब अब्दुल करीम खाँ. उत्तरेतील कैराना गावचा हा गायक फिरत फिरत दक्षिणेत आला आणि मिरजेत स्थिरावला. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म १९०५ साली मिरजेतलाच. खाँसाहेबांचे गाणे सुराचे. शब्द मागे राहतील, लय विसावेल, पण सूर केसभर हलता कामा नये, अशी त्यांची तपश्चर्या. वाद्ये लावण्यात आणि दुरुस्त करण्यातही त्यांचा हात चांगला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमंट्स यांनी श्रुतींचे मोजमाप करण्याचा जो उद्योग आरंभिला होता, त्यात प्रत्यक्ष गळ्याने श्रुती दाखविण्याचे काम खाँसाहेबांनी केले. असे कान ज्या गावात वावरत असतील, त्या गावच्या कारागिराला अळमटळम करून कसे चालेल? १९३७ च्या ऑक्टोबरात, मद्रासकडील दौऱ्यात, सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्टेशनावर खाँसाहेबांनी देह ठेवला. त्यांना मिरजेस आणून मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. तेथे उरुसात होणाऱ्या संगीतसभेस दोन्ही राज्यांतले गायक हजेरी लावीत आले आहेत.

येथे आपल्या प्रांताचा संबंध येतो. खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, हे धारवाडकडचे. त्यांचे शिष्य गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे शिक्षण मिरजेच्या नीलकंठबुवांकडे झाले. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र कोमकली, आपले कुमार गंधर्व, हे मुंबईस ज्या देवधरांच्या शाळेत वाढले ते देवधरही मिरजेचेच. कानडी मातीतले हे गळे आणि मराठी बोलणाऱ्या मुसलमान कारागिरांच्या गल्लीतले तंबोरे यांचा असा संगम झाला. भाषेचा प्रश्न त्यात कोणाला आडवा आल्याचे ऐकिवात नाही. सीमावादाच्या सभांतून वाढलेल्या माझ्या पिढीला ही गोष्ट थोडी नवलाची वाटते, म्हणून मुद्दाम नोंदवितो.

आता हे वाद्य घडते कसे, ते पाहू. सुरुवात मिरजेत होत नाही. ती होते पंढरपूर-मंगळवेढ्याकडे, भीमेच्या काठच्या मळ्यांत. तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला भोपळा नव्हे. तो जाड सालीचा आणि चवीला कडू असतो. खाण्याच्या उपयोगाचा नाही. वेलीवर तो आपल्या वजनाने कलंडतो, म्हणून शेतकऱ्याला तो नीट बसता करावा लागतो. नाहीतर आकार वाकडा येतो आणि कारागीर त्याला हात लावीत नाही. फळ पक्व झाल्यावर ते उन्हात पूर्ण वाळवितात. अवेळी पाऊस झाला तर साल काळी पडते, कुजते, आणि सारे पीक मातीमोल होते. कांदा किंवा ऊस बुडाला तर निदान बातमी येते. तंबोऱ्याचे भोपळे बुडाले, तर ते कारागीर आणि शेतकरी या दोघांनाच ठाऊक.

मिरजेस आलेला भोपळा कारागिराच्या माळ्यावर काही काळ पडून राहतो. मग त्याचे तोंड कापून आतला बियांचा गर काढतात. भोपळा पाण्यात भिजवून मऊ करतात आणि आत काड्यांचे ताण देऊन हवा तसा आकार देतात. वाळला की तो आकार कायम होतो. कोणत्या भोपळ्यातून पुरुषाच्या आवाजाचा मोठा तंबोरा निघेल, कोणत्यातून स्त्रियांच्या पट्टीचा लहान, आणि कोणत्यातून सतार, हे कारागीर भोपळा पाहूनच ठरवितो. दोन भोपळे तंतोतंत सारखे कधीच नसतात. म्हणून दोन तंबोरेही तंतोतंत सारखे निघत नाहीत. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाला आणि काळी पाचमध्ये गाणाऱ्या गायिकेला एकच वाद्य देता येत नाही, हे तर उघडच आहे.

दांडी, गळा आणि तबली तुणाच्या लाकडाची असते. लाकूड मुरलेले हवे. दांडी आतून पोकळ कोरतात. तबली मध्यभागी किंचित फुगीर असते. ती जाड राहिली तर आवाज कोंडतो, फार पातळ केली तर तारांच्या ताणाने कालांतराने खचते. सांधे सरसाने जोडतात. दमट हवेत सरस लवकर वाळत नाही, त्यामुळे पावसाळ्यात काम मंदावते. मग नक्षी आणि लाखेचे पॉलिश. पूर्वी या नक्षीला हस्तिदंत आणि घोडीला सांबराचे शिंग वापरीत. १९७२ चा वन्यजीव कायदा आणि त्यातील पुढच्या दुरुस्त्या यांनंतर ते बंद झाले आणि बंद झाले हे योग्यच झाले. आज नक्षी प्लास्टिकसारख्या पदार्थाची आणि घोडी लाकडाची, हाडाची किंवा कृत्रिम पदार्थाची असते. जुने गवई घोडीच्या या बदलावर नाक मुरडतात, ते सोडून द्यावे.

हे सारे होऊनही वाद्य अजून मुकेच असते. त्याला वाचा फुटते ती जवारीने.

तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिचा माथा वरवर पाहता सपाट दिसतो. पण तो सपाट नसतो. त्याला अगदी हलका, डोळ्याला सहज न दिसणारा उतार असतो. तार छेडली की ती या उतारावर एकाच बिंदूत टेकत नाही. थरथरत, स्पर्श करीत, सुटत राहते. तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवितात. धागा नेमक्या जागी आला की एरवी टण्ण वाजून विझणारी तार अकस्मात खुलते आणि एका षड्जातून गंधार, पंचम, निषाद असे सूर एकामागून एक उमलताना ऐकू येतात. हा उतार घासून आणणे म्हणजे जवारी काढणे. सतारमेकर गल्लीतली सगळी विद्या शेवटी या दोन-तीन बोटे रुंदीच्या पट्टीत येऊन साठली आहे, असे म्हटले तरी चालेल.

आमच्या घरी वडिलांचा एक तंबोरा आहे. वर्षानुवर्षे वापरून त्याच्या घोडीवर तारांच्या खाचा पडल्या होत्या आणि आवाजात पत्र्यासारखी झांज येऊ लागली होती. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत मी तो मिरजेस नेला. दुकान म्हणजे एक लांबट खोली. छतापासून भोपळे टांगलेले, भिंतीशी अर्धवट दांड्या, जमिनीवर लाकडाचा भुसा. म्हातारे चाचा तंबोरा मांडीवर आडवा घेऊन बसले. तारा सैल केल्या, घोडीवर कानस दोन-चार वेळा फिरविली, पुन्हा तारा चढविल्या, धागा घातला, ऐकले. पुन्हा तारा सैल. असे किती वेळा झाले, त्याची मी मोजदाद ठेविली नाही. पण दुपारचे जेवण टळून गेले. मध्येच त्यांनी मला विचारले, घरात गाणार कोण, आवाज कसा आहे, पट्टी कोणती. मी म्हणालो, सून गाते. तेव्हा त्यांनी सांगितले की, मग फार खुली जवारी नको. थोडी गोल ठेवतो, बाईमाणसाच्या आवाजाखाली ती जास्त शोभते. शेवटी खर्जाची तार त्यांनी एकदाच छेडली आणि मला काही न विचारता उठून हात धुवावयास गेले. काम झाले होते. खोलीभर तो नाद बराच वेळ रेंगाळत होता. मजुरी त्यांनी सांगितली ती ऐकून मला संकोच वाटला. शहरात रेडिओ दुरुस्त करणारासुद्धा त्याहून अधिक मागतो.

ही जवारी विज्ञानाच्याही नजरेत भरलेली आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या जागी छेडली त्या जागी ज्यांचा निस्पंद बिंदू पडतो, ते उपस्वर उमटावयाचे नाहीत, असा तारेच्या कंपनाचा जुना नियम होता. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळीत नाहीत, हे रामन यांनी दाखविले आणि त्याचे कारण घोडीच्या त्या विशिष्ट घडणीत आहे, असे प्रतिपादन केले. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या शास्त्रज्ञाला ज्याने विचारात पाडले, ते काम आपले कारागीर कानसेने करीत होते.

माझ्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांपैकी काहीजण आज विजेची गिटार वाजवितात. त्यांच्यापैकी एकाने मला सांगितले की, अमेरिकेत काही कारागीर एकेक गिटार हाताने, गिऱ्हाइकाच्या मागणीबरहुकूम करून देतात आणि तिला मोटारसायकलीएवढी किंमत येते. मला कुतूहल वाटले, म्हणून या वाद्याची माहिती मिळवून वाचली. विजेच्या गिटारीचा आरंभ १९३० नंतरच्या दोन-तीन वर्षांतला. तारेच्या खाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे ठेवावयाचे; पोलादी तार हलली की वेटोळ्यात वीज उत्पन्न होते आणि ती ध्वनिवर्धकाकडे जाते. येथे भोपळ्याची किंवा पोकळ पेटीची गरजच उरत नाही. भरीव फळी पुरे. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने अशी फळीची गिटार कारखान्यात घाऊक बनवून विकली. गंमत अशी की, फेंडरला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. १९६५ साली त्याने आपला कारखाना एका बड्या कंपनीला विकला, माल उतरत गेला अशी वादकांची तक्रार झाली, आणि मग हाताने काम करणाऱ्या लहान कारागिरांकडे लोक वळले. म्हणजे अमेरिकेने आधी कारखाना काढला आणि कारखान्याला कंटाळून कारागीर शोधला. आमच्याकडे कारागीर पहिल्यापासून होताच. त्याला मोटारसायकलीएवढी किंमत मात्र कोणी दिली नाही.

याच गिटारवाल्यांनी एकदा आपल्या जवारीचीही नक्कल करून पाहिली. १९६५ साली इंग्लंडच्या बीटल्स मंडळींनी आपल्या एका गाण्यात सतार वापरली आणि पाश्चात्त्य देशांत सतारीचे वेड पसरले. खरी सतार शिकावयास वर्षे लागतात. तेव्हा न्यू जर्सीच्या एका कंपनीने १९६७ साली कोरल या नावाने 'विजेची सतार' बाजारात आणली. होती ती गिटारच. फक्त तिची घोडी रुंद व चपटी केली होती, म्हणजे तार तिच्यावर घासून झणझणावी. झणझणाट मिळाला. परंतु मिरजेचा चाचा ज्या खुल्या आणि गोल जवारीतला फरक गायिकेच्या आवाजावरून ठरवितो, तो तिला कोठून यावा?

निष्पक्षपातीपणाने हेही सांगितले पाहिजे की, सतारीच्या बाबतीत मिरज ही एकटीच राजधानी नाही. कलकत्ता आणि दिल्ली येथील कारागिरांचा मान मोठा आहे. पंडित रविशंकर यांची सतार कलकत्त्याच्या नोदू मलिक यांच्या हातची होती. मिरजेचा खरा अभिमान तंबोरा. त्यात तिला तोड नाही, असे माझे मत आहे, आणि ते केवळ शेजारधर्मामुळे बनलेले नाही.

या तंबोऱ्याला आव्हान आले ते गिटारीकडून नव्हे. ते आले आपल्याच कर्नाटकाच्या राजधानीतून. १९७९ च्या सुमारास बंगळूरच्या रेडेल या संस्थेने विजेवर चालणारी तंबोऱ्याची पेटी तयार केली. तिचे जनक स्वतः अभियंता आणि बासरीवादक. गाण्याची जाण असलेला माणूस. पेटी छोटी, पिशवीत मावणारी. बटण फिरविले की पट्टी बदलते. तार तुटत नाही, हवेने उतरत नाही. सदनिकांत राहणाऱ्या कुटुंबांना पाच फुटी तंबोरा ठेवावा कोठे, हा प्रश्न खराच आहे. मी या पेटीला नावे ठेवणार नाही. तिच्यामुळे कित्येक मुली सुरात गाऊ लागल्या. आता तर मोबाइल फोनमध्येच फुकटचा तंबोरा वाजतो आणि पेटीच्याही धंद्यावर त्याने संक्रांत आणली आहे.

पण हानी कोठे होते, ते लक्षात घेतले पाहिजे. तंबोरा लावणे हा गाण्याच्या शिक्षणातला पहिला धडा होता. पंचम लावावयाचा, जोडाच्या दोन तारा एकमेकींत मिसळवावयाच्या, खर्ज भरावयाचा, मणी खालीवर सरकवून केसभर फरक काढावयाचा, धागा हलवून आवाज खुलवावयाचा. हे करता करता विद्यार्थ्याचा कान तयार होई. कुमार गंधर्व तंबोरे जुळविण्यात किती वेळ घालवीत आणि ते जुळल्याशिवाय तोंडातून सूर काढीत नसत, हे त्यांच्या मैफली ऐकलेले लोक अजून सांगतात. बटण दाबून मिळालेल्या षड्जाला हा संस्कार देता येत नाही. कान तयार नसलेल्या गायकाला जवारी बिघडल्याचे कळत नाही. ज्याला ते कळत नाही, तो तंबोरा मिरजेस पाठवीत नाही. आणि काम येत नाही, म्हणून चाचांचा नातू दुकानात बसत नाही. तो सांगलीला किंवा पुण्याला नोकरी शोधतो. त्यात त्याचा काय दोष? जवारी काढावयास शिकण्यास काही वर्षे उमेदवारी करावी लागते. त्या वर्षांत त्याने खावे काय?

अगदीच निराशेचे चित्र मात्र नाही. घराण्यातील काही शाखा पूर्वीच पुण्या-मुंबईकडे गेल्या आणि तेथे 'मिरजकर' हे आडनाव लावून त्यांनी धंदा वाढविला. परदेशांतून मागणी येते. मिरजेतील कारागिरांनी एकत्र येऊन संस्था केल्या, अर्ज केले, आणि २०२४ साली 'मिरज सतार' आणि 'मिरज तंबोरा' या दोन्ही नावांना भौगोलिक मानांकन मिळाले. दुसऱ्या कोठे तरी केलेले वाद्य मिरजेचे म्हणून खपविले जात होते; त्याला आता कायद्याने आळा घालता येईल. त्या वेळी वर्तमानपत्रांतून या उद्योगात चारशेहून अधिक कारागीर असल्याचे प्रसिद्ध झाले होते. आपल्याकडील वाचकांना हे मानांकन ठाऊक आहे; काही वर्षांपूर्वी कोल्हापुरी चपलेला ते मिळाले तेव्हा महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावसह कर्नाटकाचेही चार जिल्हे त्यात समाविष्ट झाले होते. चपलेपुरती का होईना, सीमा पुसली गेली, असे तेव्हा आमच्या एका मित्राने म्हटले होते.

मानांकनाने नावाचे रक्षण होते. काम मात्र घराघरांतून यावे लागते, आणि ते आपल्याकडे पडून आहे. आपल्या भागातील कित्येक घरांत आजीचा किंवा आत्याचा तंबोरा माळ्यावर, नाहीतर दिवाणखान्यात शोभेला ठेवलेला असतो. त्याच्या तारा गंजलेल्या, एखादी खुंटी निसटलेली, घोडी कलंडलेली. असा तंबोरा निकामी झाला असे समजून कोणी टाकून देतो, कोणी त्याचा दिवा करून घेतो. वास्तविक भोपळा फुटला नसेल आणि दांडी वाकली नसेल, तर तो पुन्हा बोलता करता येतो. भोपळ्याला चीर गेली असली तरी बहुधा ती सांधता येते. नव्या तंबोऱ्याच्या किमतीच्या मानाने हा खर्च थोडा असतो आणि जुन्या मुरलेल्या लाकडाचा नाद नव्याला सहजासहजी येत नाही.

नेण्यापूर्वी तारा सगळ्या सैल कराव्यात, पण काढून टाकू नयेत. घोडी तारांच्या दाबानेच उभी असते, ती निसटली तर कापडात गुंडाळून वेगळी ठेवावी. भोपळ्याभोवती जुनी गोधडी किंवा रजई बांधावी. मोटारीत नेताना भोपळा खाली आणि दांडी वर तिरकी राहील अशी सोय करावी. आगगाडीत गर्दीच्या वेळी जाऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तंबोरा ठेवू नये, सरस सुटतो. शक्यतो दिवाळी आणि आषाढ यांमधल्या कोरड्या महिन्यांत जावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जो गाणार आहे त्याला बरोबर न्यावे. कारण आवाज ऐकल्याशिवाय जवारी काढणे जुन्या कारागिरांना आवडत नाही. नियमित वापर असेल तर दर दोन-तीन वर्षांनी ती दाखवून घ्यावी. बेळगावहून सकाळच्या गाडीने गेले तर काम होऊन रात्रीपर्यंत परत येता येते. निपाणीकरांना इचलकरंजीवरून मोटारीचा रस्ता अधिक सोयीचा.